पॅच व्यवस्थापन आणि प्रायोगिक आवृत्ती (मुक्त स्रोत सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअरच्या मूळ कोडसाठी सुचवलेले बदल गोळा करणे, तपासणे, योग्य क्रमाने लावणे, गरज पडल्यास मागे घेणे आणि या सर्वांची नोंद ठेवणे या प्रक्रियेला पॅच व्यवस्थापन असे म्हणतात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये असे बदल जगभरातील, बहुधा एकमेकांना कधीही न भेटलेल्या व्यक्तींकडून येतात. हे बदल सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्या आवृत्तीत एकत्र करून तपासले जातात, तिला प्रायोगिक आवृत्ती म्हणतात. बदल लिहिणाऱ्याला स्वतःच्या संगणकावर आणि स्वतःच्या भाषेत जो दोष दिसू शकत नाही, तो इतरांच्या संगणकांवर वेळीच उघड व्हावा, हा प्रायोगिक आवृत्तीचा मुख्य हेतू होय. मराठीसारख्या भाषांच्या दृष्टीने या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. कारण देवनागरीतील अनेक दोष ती लिपी वाचणाऱ्यालाच ओळखता येतात.

पॅचचे स्वरूप

पॅच या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळ असा आहे. संगणकशास्त्रात पॅच म्हणजे एखाद्या फाइलची जुनी आणि नवी आवृत्ती यांतील फरक नोंदवणारा मजकूर. यात वगळलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह, नव्या ओळीपुढे अधिक चिन्ह असते आणि बदलाची जागा ओळखता यावी म्हणून आजूबाजूच्या काही ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात. वसतिगृहाच्या भोजनगृहासाठी केलेल्या एखाद्या काल्पनिक प्रणालीतील शुद्धलेखनाची दुरुस्ती पुढीलप्रमाणे दिसेल:

@@ -१२,३ +१२,३ @@
 पान = "भोजनगृह"
-शीर्षक = "आचार्यांची यादी"
+शीर्षक = "आचाऱ्यांची यादी"
 क्रम = "नावानुसार"

पहिल्या ओळीतील आकडे हा बदल बाराव्या ओळीपासूनच्या तीन ओळींशी संबंधित असल्याचे सांगतात. संपूर्ण फाइल न पाठवता केवळ फरक पाठवल्यामुळे तपासणाऱ्याला नेमके काय बदलले आहे ते पाहता येते. मूळ फाइल दरम्यानच्या काळात इतरांनी थोडी बदलली असली, तरी आजूबाजूच्या ओळींवरून बदलाची जागा शोधता येते. तेवढी जुळणीही न झाल्यास पॅच नाकारला जातो आणि तो नव्या मजकुरानुसार पुन्हा तयार करावा लागतो.

इतिहास

दोन फाइलींतील फरक दाखवणारा डिफ हा प्रोग्रॅम १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत आला. डग्लस मॅकइलरॉय यांनी तो बेल प्रयोगशाळेत विकसित केला. डिफने दाखवलेला फरक दुसऱ्या संगणकावरील फाइलला आपोआप लावणारा पॅच हा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. या दोन साधनांमुळे दूरस्थ व्यक्तींना एकाच कोडवर सहकार्याने काम करणे शक्य झाले.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलचा विकास सुरुवातीची अनेक वर्षे याच पद्धतीने झाला. सहभागी व्यक्ती इमेलने पॅच पाठवत आणि टॉरव्हाल्ड्स ते निवडून मूळ कोडला लावत. पॅचची संख्या वाढल्यावर काही पॅच दुर्लक्षित राहू लागले. २००२ पासून बिटकीपर ही आवृत्ती नियंत्रण प्रणाली वापरली गेली. तिच्या मोफत वापराची सोय बंद झाल्यावर टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट या प्रणालीची निर्मिती केली. गिटमध्ये प्रत्येक बदलाचा कर्ता, दिनांक, कारण आणि पूर्वीचा बदल यांची साखळी जपली जाते.

याच काळात अँड्र्यू मॉर्टन हे कर्नलची ‘एमएम’ नावाची प्रायोगिक शाखा चालवीत होते. शेकडो पॅच एकावर एक रचून लावणे आणि मधलाच एखादा पॅच काढून घेणे यासाठी त्यांनी काही साधने लिहिली. त्यांच्या आधारे क्विल्ट हा प्रोग्रॅम तयार झाला. गोधडीप्रमाणे पॅचचे थर रचण्याची ही कल्पना डेबियन या लिनक्स वितरणात आजही वापरात आहे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये डेबियनने केलेले बदल प्रत्येक पॅकेजमध्ये स्वतंत्र पॅचच्या क्रमवार मालिकेत ठेवलेले असतात.

आवृत्त्यांचे स्तर

नावीन्य आणि स्थैर्य या परस्परविरोधी गरजा आहेत. नवा बदल लवकर वापरात आला नाही तर त्यातील दोष कळत नाहीत आणि लवकर आला तर ते दोष सर्वांना भोगावे लागतात. यावर उपाय म्हणून बहुतेक मोठे प्रकल्प सॉफ्टवेअरचे एकापेक्षा अधिक स्तर ठेवतात.

लिनक्स कर्नल: २.६ पूर्वीच्या काळात आवृत्तीच्या दुसऱ्या अंकावरून तिचे स्वरूप कळत असे. २.४ सारखा सम अंक स्थिर शाखेचा, तर २.५ सारखा विषम अंक प्रायोगिक शाखेचा असे. प्रायोगिक शाखा वर्षानुवर्षे लांबत गेल्याने २००४ मध्ये ही पद्धत सोडण्यात आली. सध्याच्या पद्धतीत सुमारे दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात. त्यानंतर ‘आरसी१’ ही पहिली चाचणी आवृत्ती निघते आणि पुढे केवळ दुरुस्त्या स्वीकारल्या जातात. दर आठवड्याला एक याप्रमाणे आरसी७ किंवा आरसी८ पर्यंत मजल गेल्यावर अंतिम आवृत्ती जाहीर होते. हे संपूर्ण चक्र नऊ ते दहा आठवड्यांचे असते. पुढील आवृत्तीसाठीच्या वेगवेगळ्या शाखा आधीच एकत्र करून त्यांतील संघर्ष शोधण्यासाठी स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये ‘लिनक्स-नेक्स्ट’ ही शाखा सुरू केली.

डेबियन: यात एक्सपेरिमेंटल, अनस्टेबल, टेस्टिंग आणि स्टेबल असे स्तर आहेत. एक्सपेरिमेंटल हे स्वतंत्र, संपूर्ण वितरण नसून अतिशय कच्च्या पॅकेजांची जागा आहे. अनस्टेबल स्तराला ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलाचे नाव दिलेले आहे. अनस्टेबलमध्ये आलेले पॅकेज बदलाच्या निकडीनुसार साधारण दोन ते दहा दिवस तेथे राहते. त्या काळात नवा गंभीर दोष नोंदवला गेला नाही आणि स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तर ते टेस्टिंगमध्ये जाते.

फेडोरा: सतत बदलणाऱ्या प्रायोगिक शाखेला रॉहाइड असे नाव आहे. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीसाठीची सुधारणाही प्रथम चाचणी भांडारात ठेवली जाते. बोधी या संकेतस्थळावर परीक्षक तिला अनुकूल किंवा प्रतिकूल गुण देतात. या गुणांना तेथे ‘कर्मा’ म्हणतात.

मीडियाविकी: विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याची नवी आवृत्तीही आठवडाभरात टप्प्याटप्प्याने लागू केली जाते. प्रथम चाचणी विकी, मग प्रामुख्याने भगिनी प्रकल्प आणि शेवटी बहुतेक विकिपीडिया असा क्रम असतो. मधल्या टप्प्यात गंभीर दोष आढळल्यास पुढील टप्पा थांबवला जातो.

पॅचचा प्रवास

चांगला पॅच एका वेळी एकच गोष्ट करतो. दोषाची दुरुस्ती, कोडची मांडणी सुधारणे आणि नवी सोय हे तीन हेतू एकाच पॅचमध्ये मिसळले, तर पुढे दोष आढळल्यावर नेमका कोणता भाग मागे घ्यावा हे ठरवता येत नाही. पॅचसोबतच्या टिपणात बदल काय आहे यापेक्षा तो का आवश्यक आहे हे स्पष्ट करणे अपेक्षित असते. ‘काय’ हे कोडवरून कळते, ‘का’ हे मात्र काही वर्षांनी स्वतः लेखकालाही आठवत नाही.

कर्नलच्या पॅचवर कर्त्याची नावानिशी ग्वाही लागते. हा कोड मुक्त परवान्याखाली देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यातून सांगितले जाते. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. याखेरीज दोष कळवणारा, परीक्षण करणारा आणि प्रत्यक्ष चाचणी करणारा यांची नावेही पॅचवर नोंदवली जातात. चाचणी हे दुय्यम नव्हे तर श्रेय देण्याजोगे काम आहे, हे या नोंदींतून मान्य केले जाते. पॅच ज्या विभागाशी संबंधित असेल त्या विभागाचा देखभालकर्ता तो तपासतो, आक्षेप नोंदवतो आणि समाधान झाल्यावर स्वीकारतो. एकाच पॅचच्या पाच-सहा सुधारित आवृत्त्या पाठवाव्या लागणे ही सामान्य बाब आहे.

चाचणीच्या पद्धती

स्वयंचलित चाचणीत ठरावीक निवेशासाठी अपेक्षित फलित मिळते की नाही हे संगणकच तपासतो. कर्नलच्या बाबतीत केर्नलसीआय हा प्रकल्प निरनिराळ्या यंत्रांवर नवा कोड चालवून पाहतो, तर सिझबॉट ही प्रणाली कर्नलला यादृच्छिक आदेशमालिका देऊन तो कोलमडतो का हे पाहते. पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या बदलामुळे बिघडल्यास त्या दोषाला रिग्रेशन म्हणतात. दुरुस्त केलेला प्रत्येक दोष पुन्हा उद्भवू नये म्हणून त्यासाठी एक कायमची चाचणी लिहून ठेवण्याचा प्रघात आहे.

रिग्रेशनचा उगम शोधण्यासाठी द्विभाजन पद्धत वापरली जाते. गिटमध्ये तिची सोय ‘बायसेक्ट’ या आदेशाने होते. जुनी आवृत्ती ठीक आणि नवी सदोष असेल, तर दोहोंच्या मधोमध असलेला बदल घेऊन चाचणी केली जाते. फलितानुसार शोधाची कक्षा निम्मी होते. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास दहा हजार बदलांतून दोषाला कारणीभूत असलेला एक बदल सुमारे चौदा चाचण्यांत सापडतो. या पद्धतीसाठी कोड वाचता येण्याची आवश्यकता नसते. प्रत्येक वेळी ‘ठीक’ किंवा ‘सदोष’ एवढे निश्चितपणे सांगता आले की पुरते. मात्र मधला प्रत्येक बदल चालण्याजोगा असावा लागतो. पॅच लहान आणि स्वतंत्र ठेवण्याच्या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

स्थिर शाखेतील दुरुस्ती

प्रायोगिक शाखेत झालेली दुरुस्ती जुन्या स्थिर आवृत्तीतही आणण्याच्या क्रियेला बॅकपोर्ट म्हणतात. कर्नलची स्वतंत्र स्थिर शाखा २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि क्रिस राइट यांनी सुरू केली. तिच्या नियमांनुसार पॅच आधी मुख्य शाखेत स्वीकारला गेलेला असावा, तो प्रत्यक्षात त्रासदायक ठरणारा दोष दुरुस्त करणारा असावा आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठा नसावा. ‘आधी मुख्य शाखा’ हा नियम महत्त्वाचा आहे. तो नसल्यास जुन्या आवृत्तीत दुरुस्त झालेला दोष पुढील आवृत्तीत पुन्हा अवतरण्याची शक्यता राहते.

उल्लेखनीय घटना

२००८ मधील नेटवर्क कार्डांचा बिघाड: कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही संगणकांत इंटेलच्या नेटवर्क कार्डांमधील कायमस्वरूपी स्मृती पुसली जाऊ लागली आणि ती कार्डे निरुपयोगी होऊ लागली. ही कार्डे ई१०००ई या चालक-प्रोग्रॅमवर चालत असल्याने संशय प्रथम त्याच्यावर गेला. खरे कारण मात्र कर्नलमधील फलनांचा माग ठेवणाऱ्या एफट्रेस या नव्या सोयीत होते. वापर संपल्यावर मोकळ्या केलेल्या स्मृतिपत्त्यांवर ती सोय लिहीत असे आणि तेच पत्ते दरम्यान नेटवर्क कार्डाच्या स्मृतीला दिले गेलेले असत. प्रथम कार्डाची स्मृती लेखनासाठी बंद करणारा संरक्षक पॅच लावला गेला आणि ऑक्टोबर २००८ मधील २.६.२७.१ या आवृत्तीत ती सोयच निष्क्रिय करण्यात आली. प्रायोगिक सॉफ्टवेअरमुळे केवळ माहितीच नव्हे तर यंत्रही कायमचे बिघडू शकते, याचे हे उदाहरण मानले जाते.

२०२४ मधील एक्सझेड प्रकरण: एक्सझेड युटिल्स या संक्षेपण सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये दुसऱ्याच्या संगणकात शिरकाव करू देणारा छुपा कोड घातला गेला होता. दीर्घकाळ सहकार्य करून विश्वास संपादन केलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या एका देखभालकर्त्याने तो घातला होता. कोडचा मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटाव्यात अशा फाइलींत दडवलेला होता. तो कार्यान्वित करणारा भाग गिटमधील नोंदींत नव्हता. तो फक्त प्रसिद्ध केलेल्या संकुलित संचात होता. डेबियनचे प्रायोगिक स्तर आणि फेडोराची रॉहाइड शाखा यांत या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. डेबियन अनस्टेबल वापरणारे आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसचे विकसक वेगमापन करीत असताना दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी कारणाचा पाठपुरावा करून २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. त्यामुळे डेबियनच्या स्टेबल स्तरापर्यंत हा कोड पोहोचला नाही. परीक्षण आणि स्वयंचलित चाचण्या या दोन्हींतून निसटलेली गोष्ट प्रायोगिक आवृत्तीच्या एका जागरूक वापरकर्त्याला सापडली.

देवनागरी आणि मराठीचा संदर्भ

वरील उदाहरणातील ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ हे शब्द मराठीच्या दृष्टीने उत्तम चाचणी-शब्द आहेत. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात ‘ऱ्य’ हे मराठीचे वैशिष्ट्यपूर्ण जोडाक्षर आहे. युनिकोडमध्ये हे जोडाक्षर ऱ आणि हलन्त चिन्ह यांच्या क्रमाने किंवा र, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या क्रमाने लिहिता येते. अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने किंवा फॉन्टने यांपैकी एक क्रम चुकीचा हाताळल्यास संगणक कोणतीही त्रुटी दाखवत नाही. फक्त अर्थ बदलतो.

‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठीतील वळणे हिंदीहून वेगळी आहेत, परंतु युनिकोडमध्ये दोन्ही भाषांसाठी त्यांचे संकेतांक एकच आहेत. योग्य वळण निवडण्यासाठी फॉन्टमध्ये भाषेनुसार पर्यायी आकृती ठेवावी लागते आणि मजकूर मराठी असल्याचे प्रोग्रॅमने फॉन्टला सांगावे लागते. परभणी जिल्ह्यातील वालूर आणि सेलू ही गावांची नावे मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषा निवडून छापून पाहिली, तर ही सोय चालते की नाही हे ‘ल’वरून कळते. वर्णक्रमाचेही असेच आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडमधील संकेतांकांनुसार तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे वालूर, वाहेगाव, वाळूज ही योग्य क्रमाची यादी केवळ संकेतांकांवर विसंबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वालूर, वाळूज, वाहेगाव अशी लागते. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. तोपर्यंतचा मजकूर इतर क्रमांनी लिहिलेला असल्याने शोध घेताना दोन्ही प्रकार जुळतात का, हेही तपासावे लागते.

रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेले लोहित फॉन्ट या प्रकारच्या कामाचे उदाहरण आहेत. २०११ मध्ये ते मुक्त फॉन्ट परवान्याखाली आणले गेले. त्यांतील लोहित देवनागरीच्या विकासात आणि फेडोरातील भारतीय भाषांच्या चाचण्यांत कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांमध्ये अक्षरे जुळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हार्फबझ या प्रोग्रॅमच्या भारतीय लिप्यांच्या भागाची चाचणी विकिपीडियाच्या लेखांतून काढलेल्या शब्दसूचींवर केली गेली. प्रत्येक बदलानंतर त्याचे फलित मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या प्रोग्रॅमशी ताडून किती शब्द जुळले नाहीत ते नोंदवले जाई. देवनागरीच्या सूचीत सात लाखांहून अधिक शब्द होते. अशा रीतीने विकिपीडियावरील स्वयंसेवी लेखन हेच सॉफ्टवेअरच्या चाचणीचे साहित्य ठरले.

वापरकर्त्यांचा सहभाग आणि दक्षता

प्रायोगिक आवृत्ती रोजच्या कामाच्या संगणकावर बसवू नये असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याऐवजी आभासी यंत्र किंवा जुना, महत्त्वाची माहिती नसलेला संगणक वापरला जातो. माहितीची प्रत वेगळ्या साधनावर ठेवणे आणि पूर्वीचा कर्नल निवडून संगणक सुरू करता येईल अशी व्यवस्था राखणे आवश्यक असते.

उपयुक्त दोष-अहवालात सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, अपेक्षित फलित, प्रत्यक्ष फलित आणि पूर्वीच्या कोणत्या आवृत्तीत तो नव्हता ही माहिती असते. देवनागरीसंबंधीच्या अहवालात चित्रासोबत मूळ मजकूरही द्यावा लागतो, कारण सारखे दिसणारे दोन शब्द वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिलेले असू शकतात. लिपी न जाणणाऱ्या विकसकासाठी ‘अक्षर चुकीचे दिसते’ एवढे वर्णन पुरत नाही. योग्य आकृती कशी असावी हेही दाखवावे लागते.

मर्यादा

प्रायोगिक आवृत्ती वापरणाऱ्यांची संख्या स्थिर आवृत्तीच्या वापरकर्त्यांच्या तुलनेत अल्प असते. जे यंत्र किंवा जी भाषा त्यांच्यापैकी कोणीही वापरत नाही, तिच्यातील दोष अंतिम आवृत्तीतच प्रथम उघड होतात. त्यानंतरची दुरुस्ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचण्यास वितरणाच्या पुढील आवृत्तीपर्यंतही वाट पाहावी लागू शकते. पॅच पाठवणाऱ्यांच्या तुलनेत ते तपासणारे कमी असल्याने देखभालकर्त्यांवर ताण येतो. जगभर वापरले जाणारे एक्सझेड अनेक वर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकाच्या देखभालीवर चालत होते, ही बाब वरील प्रकरणानंतर चर्चेत आली. स्वयंचलित चाचण्या जे अपेक्षित आहे तेच तपासतात. अर्धा सेकंदाचा विलंब खटकणे किंवा ‘आचाऱ्यांना’च्या जागी ‘आचार्यांना’ दिसल्याचे ध्यानात येणे, हे काम मात्र वापरणाऱ्या माणसावरच अवलंबून राहते.

हेही पहा

लिनक्स
गिट
डेबियन
युनिकोड
देवनागरी
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर